परक्याचें लेंकरूं आपल्या घरीं
(मंडळीच्या अभ्यासवर्गाकरितां पाठ)

शास्त्रभाग: निर्गम २:१–१०, १ शमुवेल २:१८–२१, एस्तेर २:५–११, २ शमुवेल ९.

पाठाचा उद्देश: आदिवासी मुलास सांभाळावयास घेणाऱ्या घरीं तें मूल कसें स्थिरावेल, हें शास्त्र, कायदा व व्यवहार यांच्या आधारें समजून घेणें.



आपल्या ठाणें जिल्ह्यांत शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ या तालुक्यांच्या डोंगराळ भागांत कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी इत्यादि लोकांच्या वाड्या व पाडे आहेत. दिवाळी सरली कीं त्यांतील पुष्कळ कातकरी कुटुंबें वीटभट्टीच्या मालकाकडून घेतलेली उचल फेडण्याकरितां बिऱ्हाड घेऊन जातात, तीं पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलें बरोबर जातात, आणि शाळा मागें राहते. अशा घरांत आई किंवा बाप मरण पावला, दारूनें संसार मोडला, अथवा कर्ज डोईजड झालें, तर प्रथम लेंकरूंच उघडें पडतें. कसाऱ्याच्या गाडींत बसून कल्याण स्थानकावर उतरलेलें व फलाटावरच राहिलेलें मूल आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल.

अशा मुलास आपल्या घरीं ठेवून घ्यावें, अशी इच्छा कांहीं विश्वासी कुटुंबांस होते. ती इच्छा चांगली आहे. परंतु पुष्कळ वेळां असें घडतें कीं, मूल येतें, चार महिने राहतें, आणि एके दिवशीं नाहींसें होतें. किंवा घरचे लोक कंटाळून त्यास परत पाठवितात. एका घरांतून दुसऱ्या घरांत, तेथून वसतिगृहांत, असें दोन तीन वेळां झालें म्हणजे त्या मुलाचा मनुष्यावरील विश्वासच उडून जातो. म्हणून मूल घरीं आणण्यापूर्वींच तें तेथें टिकेल कसें, याचा विचार केला पाहिजे. या पाठाचें सार एका वाक्यांत सांगतों: ज्या घरांत मुलाचें मागलें नातें तोडलें जात नाहीं, त्याच घरांत त्याचें नवें नातें जडतें.

१. शास्त्रांतील चार घरें

मोशेची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. फारोच्या कन्येनें बाळास पाण्यांतून काढिलें. पण त्यास पाजण्याकरितां जी दाई आली ती त्याची सख्खी आई होती, आणि राजकन्येनें तिला वेतन दिलें. मोशे पुढें राजवाड्यांत वाढला, तरी आपले भाऊबंद कोण हें तो विसरला नाहीं.

शमुवेल लहानपणींच एलीच्या स्वाधीन झाला. तरी हन्ना दरवर्षीं त्याच्याकरितां एक लहानसा झगा करून नेत असे. दरवर्षीं झग्याचें माप वाढवावें लागे. म्हणजे मूल दूर असतांहि आई त्याची वाढ मनांत मोजीत होती. एलीनें तिला अडविलें नाहीं. त्यानें तिला व तिच्या नवऱ्यास आशीर्वाद दिला.

एस्तेर पोरकी झाली तेव्हां तिला तिच्या चुलत्याच्या मुलानें, मर्दखयानें, आपली कन्या म्हणून वाढविलें. ती राजगृहीं गेल्यावरहि ती कशी आहे हें जाणण्याकरितां तो रोज अंतःपुराच्या अंगणापुढें येरझारा घालीत असे.

मफीबोशेथ हा पायांनीं अधू होता. दाविदानें त्यास आश्रय दिला तेव्हां त्याच्या आजोबांची शेतजमीन त्यास परत दिली, आणि राजपुत्रांच्या पंगतीस त्यास बसविलें. आश्रय दिला म्हणून वडिलोपार्जित हक्क काढून घेतला नाहीं, आणि चाकरी करावयास लाविलें नाहीं.

या चार घरांपासून आपण चार गोष्टी शिकतों: जन्म देणाऱ्या आईचा मान राखावा, जवळच्या नातलगानें सांभाळणें हें सर्वांत बरें, मूल दृष्टीआड झालें तरी त्याची चौकशी थांबूं नये, आणि पंगत एकच असावी.

२. ख्रिस्ती मंडळ्यांनीं केलेली एक मोठी चूक

चांगल्या हेतूनें केवढी हानि होऊं शकते, हें आपण परदेशच्या मंडळ्यांपासून शिकलें पाहिजे. कानडा देशांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शंभराहून अधिक वर्षें तेथील आदिवासी मुलांस निवासी शाळांत नेण्यांत येत असे. पैसा सरकारचा आणि व्यवस्था बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांची. सुमारें दीड लक्ष मुलें या शाळांतून गेलीं. त्यांचे केंस कापले, त्यांस नवीं नांवें दिलीं, स्वतःची भाषा बोलल्यास शिक्षा केल्या. हजारों मुलें तेथेंच मरण पावलीं. पुढें १९६० च्या सुमारास व त्यानंतर पुष्कळ मुलें आपल्या लोकांपासून काढून गोऱ्या कुटुंबांत ठेवण्यांत आलीं. त्यांतील कित्येक मोठेपणीं म्हणाले कीं, आम्ही इकडचेहि राहिलों नाहीं व तिकडचेहि नाहीं.

हें काम करणाऱ्या पुष्कळांस आपण धर्मकृत्यच करीत आहों असें वाटत होतें. शेवटीं तेथील प्रेस्बितेरियन मंडळीनें १९९४ सालीं व युनायटेड चर्चनें १९९८ सालीं या कृत्यांबद्दल क्षमा मागितली. ११ जून २००८ रोजीं पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीं त्याच वर्षीं १३ फेब्रुवारीस आपल्या देशांतील मूळ रहिवाश्यांच्या हिरावून नेलेल्या मुलांबद्दल असेंच केलें. अमेरिकेनें तर १९७८ सालींच कायदा केला कीं, आदिवासी मुलास बाहेर ठेवावें लागल्यास प्रथम त्याच्या नातलगांचा व नंतर त्याच्या जमातीचा विचार व्हावा. तो कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं कायम ठेविला.

आपल्या देशांतहि १८९६–९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं उपासमारीनें मरणाऱ्या मुलींस आणून केडगांव येथें आश्रय दिला, आणि मिशनांच्या अनाथाश्रमांनीं पुष्कळ जीव वाचविले. त्या कामाबद्दल आपण देवाचे आभार मानतों. परंतु त्या काळीं कित्येक मुलांचें सबंध घर दुष्काळानें पुसून टाकिलें होतें. आज आपल्या दाराशीं येणाऱ्या आदिवासी मुलाचें तसें नसतें. बहुधा त्याची आजी पाड्यावर असते, मामा भट्टीवर असतो, धाकटी बहीण आश्रमशाळेंत असते. त्यांस नाहींसें समजून चालणें म्हणजे कानडाची चूक आपल्या अंगणांत करणें होय.

३. कायद्याची वाट

या कामाची वाट बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ यानें घालून दिली आहे. निराधार किंवा हरवलेलें मूल आढळल्यास तें परस्पर घरीं नेऊन ठेवूं नये. १०९८ या क्रमांकावर अथवा पोलिसांस कळवावें. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत त्यास बालकल्याण समितीपुढें नेलें पाहिजे. या समितींत एक अध्यक्ष व चार सभासद असतात. मूल कोठें राहील हें ठरविण्याचा अधिकार समितीचा आहे. उपदेशकाचा नाहीं, पाळकाचाहि नाहीं, आणि दाता कितीहि मोठा असला तरी त्याचा नाहीं.

मुलास त्याच्या स्वतःच्या घरीं परत पोंचवावें हा कायद्याचा पहिला प्रयत्न, आणि संस्थेंत ठेवणें हा शेवटला उपाय. या दोहोंच्या मध्यें प्रतिपालक कुटुंब येतें. त्याची निवड करतांना त्या घराची योग्यता, हेतु, कुवत व पूर्वीचा अनुभव पाहतात. सख्खीं भावंडें शक्य तोंवर एकत्र ठेवावीं. समितीनें मनाई केली नसल्यास आईबापांनीं मुलास भेटावें. आणि दरमहा तपासणी व्हावी, असें कायदा सांगतो. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणें एकट्या स्त्रीस किंवा पुरुषासहि प्रतिपालक होतां येतें. मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहींत.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. दत्तक घेतलेलें मूल कायमचें त्या घराचें होतें. प्रतिपालनांत मूल आपल्या आईबापांचेंच राहतें, आणि त्यांची स्थिति सुधारली असें समितीस वाटल्यास तें त्यांच्याकडे परत जाऊं शकतें. हें मनास पटलें नसेल, तर त्या घरानें प्रतिपालनाचें काम हातीं घेऊं नये.

आणखी एक गोष्ट उपदेशकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. आजी, काका किंवा मावशी मुलास सांभाळावयास तयार असते, पण तिच्या चुलीवर दोन वेळचें अन्न शिजत नाहीं, असें पुष्कळ ठिकाणीं असतें. अशा मुलांकरितां महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिला आतां क्रांतिज्योति सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे, आणि २०२३ सालीं तिची रक्कम दरमहा मुलामागें २२५० रुपये करण्यांत आली. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयांत अर्ज करावा लागतो. मृत्यूचा दाखला, रहिवासाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचें खातें हें सर्व जमविणें अक्षरशत्रु आजीला कसें साधेल? उपदेशकानें दोन दिवस तिच्याबरोबर फिरून तेवढें करून दिलें, तर पुष्कळदां मुलास परक्या घरीं नेण्याची गरजच उरणार नाहीं. हीहि प्रतिपालनाचीच सेवा आहे, आणि बहुधा अधिक चांगली.

४. पहिले दिवस

असें समजा कीं, समितीच्या आज्ञेनें खर्डीकडील एका वाडींतील बारा वर्षांची मुलगी डोंबिवलींतील एका कुटुंबांत आली. ज्या मुलीनें जन्मभर उघड्या अंगणांत पाय मोकळे केले, तिला आतां तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, कडी लावलेलें दार व लिफ्ट यांत दिवस काढावयाचा आहे. ती बोलत नाहीं. भाकरीचा तुकडा उशाखालीं लपविते. रात्रीं अंथरूण ओलें करते. खाटेवरून उतरून जमिनीवर निजते. एके दिवशीं जिना उतरून थेट स्थानकाची वाट धरते.

अविचारी मनुष्य म्हणेल, ही चोरटी आहे, घाणेरडी आहे, कृतघ्न आहे. विचारी मनुष्य पाहील कीं, भूक सोसलेलें मूल भाकरी लपवितें. भ्यालेलें मूल अंथरूण ओलें करतें. आणि घराची आठवण झालेलें मूल घराच्या वाटेस लागतें. भाकरीची टोपली उघडी ठेवावी, व हवी तेव्हां घे म्हणून सांगावें. अंथरुणाविषयीं चारचौघांत बोलूं नये. जमिनीवर निजावयाचें असल्यास चटई द्यावी. सायंकाळीं तिला मोकळ्या मैदानांत किंवा खाडीकडे फिरावयास न्यावें. तिच्या घरीं नाचणीची भाकरी व सुकी मासळी होत असेल, तर ती आपल्याहि ताटांत येऊं द्यावी, आणि सर्वांनीं चवीनें खावी.

तिचें नांव बदलूं नये. उच्चार कठीण किंवा गांवढळ वाटला तरी तें तिच्या आईनें ठेविलें आहे. तिच्या बोलीस हसूं नये. त्या बोलींतील दहा शब्द घरच्या मंडळींनींच शिकावे.

एक वाक्य मात्र त्या घरांत कधींहि उच्चारूं नये: “नीट वाग, नाहींतर परत पाठवून देईन.” हें वाक्य ऐकलेलें मूल त्या दिवसापासून मनांत गांठोडें बांधून बसतें. तें खोडी करून पाहतें कीं, हे लोक खरेंच हांकलतात काय. तेव्हां रागाच्या भरांतहि तें घर तिचें आहे, एवढी खात्री अढळ राहिली पाहिजे. मारणें तर सर्वथा वर्ज्य.

५. पाड्याशीं नातें

जाणेंयेणें बंद केलें म्हणजे मूल लवकर रमेल, असें कित्येकांस वाटतें. हा भ्रम आहे. आजी जिवंत आहे कीं नाहीं, हें ज्या मुलास ठाऊक नाहीं तें अभ्यासांत मन घालूं शकत नाहीं. यास्तव समितीच्या संमतीनें भेटीचा दिवस ठरवावा आणि तो पाळावा. भट्टीचा हंगाम असतां नातलगांस येतां येणार नाहीं. तेव्हां दूरध्वनीवर बोलणें करून द्यावें. पाड्यावरील लग्नास व सणास मुलास नेऊन आणावें. आजी भेटावयास आली असतां तिला दारांत उभी करूं नये. आंत बसवून जेवूं घालावें. मुलाचे डोळे त्या वेळीं आपणांकडे लागलेले असतात. आजीचा जो मान आपण ठेवूं, तोच आपला मान मूल ठेवील.

मुलाचीं कागदपत्रें, म्हणजे जन्माचा दाखला, जमातीचा दाखला, शाळेचा दाखला, जपून ठेवावीं. वडिलांच्या नांवची जमीन किंवा वनहक्काचा दावा असल्यास त्याची नोंद समितीच्या नजरेस आणावी. मफीबोशेथाची शेतजमीन आपण विसरूं नये.

६. काम व शाळा

शहापूरच्या पलीकडे इगतपुरी तालुक्यांत कातकरी मुलांस थोड्या पैशांकरितां मेंढ्या राखावयास परक्यांच्या हवालीं केल्याचा प्रकार २०२२ सालीं, एक मुलगी मरण पावल्यावर, उघडकीस आला. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली आहे. तरी “आमच्याकडे ठेवा, जेवूंखाऊं घालूं, शिकवूं,” असें सांगून नेलेलें मूल धुणींभांडीं करतांना आढळतें, हें आपणांस ठाऊक आहे. तें घर ख्रिस्ती म्हणविणारें असेल तर लाज अधिकच.

प्रत्येक घरानें आपली परीक्षा या चार प्रश्नांनीं करावी. तें मूल आमच्या मुलांबरोबर जेवतें कीं मागाहून? तें जें काम करतें तें आमचीं मुलेंहि करतात काय? अंथरूण, पुस्तकें, औषध हें सारखें आहे काय? आणि सणास नवें कापड सर्वांस मिळतें, कीं त्यास जुनें?

शाळेंत मुलास त्याच्या वयास योग्य अशा वर्गांत बसविण्याची सोय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें केली आहे. मागें पडलेला अभ्यास भरून निघण्यास वेळ लागेल. जमातीचें नांव शिवीसारखें उच्चारणारीं मुलें शाळेंत भेटतात. प्रतिपालक बापानें स्वतः जाऊन शिक्षकांस भेटावें, व हें माझ्या घरचें मूल आहे असें सांगावें. एवढ्या एका भेटीनें मुलाच्या मनांतील घर पक्कें होतें.

७. वाढतीं मुलें

चौदा पंधरा वर्षांच्या मुलास सांभाळणें अधिक कठीण. त्याच्या वयाचे सोबती भट्टीवर पैसे मिळवीत असतात. मुलींच्या लग्नाचें बोलणें निघूं लागतें. येथें हुकूम चालत नाहीं. घरांतील विचारांत त्यास घ्यावें. त्याचें म्हणणें समितीपुढें मांडूं द्यावें. त्याच्या नांवें बँकेंत खातें उघडून पुस्तक त्याच्या हातीं द्यावें. मुलीचें लग्न अठरा वर्षांच्या आंत होणें बेकायदेशीर आहे, हें तिच्या नातलगांस नम्रतेनें, तिच्या देखत, समजावून सांगावें. अठरावें वर्ष लागलें म्हणजे आपली जबाबदारी सरली, असें समजूं नये. स्वतःच्या मुलास आपण त्या दिवशीं बाहेर काढीत नाहीं.

८. धर्माविषयीं

आतां जें लिहितों तें कित्येकांस कठीण वाटेल. आश्रयास आलेल्या मुलावर आपला धर्म लादण्याचा अधिकार आपणांस नाहीं. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांत, जो भारतानें १९९२ सालीं मान्य केला, असें सांगितलें आहे कीं, घरापासून दूर राहणाऱ्या मुलाची जात, धर्म, संस्कृति व भाषा यांचा योग्य विचार व्हावा. कुटुंबोपासना आपण करूं. मुलास बसावेंसें वाटल्यास बसूं द्यावें, न वाटल्यास त्याचा भाकरीवरील हक्क तिळभरहि कमी होऊं नये. बाप्तिस्म्याची अट घालून दिलेला घांस ही दया नसून सौदा आहे. प्रभूनें बालकास मध्यें उभें केलें तेव्हां त्यास कांहीं विचारलें नाहीं, शिष्यांसच शिकविलें. आपल्या घरांतील सत्य, क्षमा व शुद्ध वर्तन हीच आपली साक्ष होय.

९. मंडळीचें कर्तव्य

एकट्या कुटुंबावर हा भार टाकूं नये. मंडळींतील दुसऱ्या एका घरानें, समितीस कळवून, मधूनमधून मुलाकडे पाहावें, म्हणजे प्रतिपालक आईस विसावा मिळेल. फी, पुस्तकें व औषध यांकरितां मूठभर तांदूळ बाजूस काढण्याची जुनी रीत उपयोगी पडेल. मुलास उपासनेंत उभें करून त्याची कहाणी सांगूं नये. अशा मुलाचें नांव, छायाचित्र किंवा ओळख प्रसिद्ध करणें कायद्यानें मना आहे. वर्गणी मिळविण्याकरितां तर मुळींच करूं नये.

आणि समितीनें मूल त्याच्या आईबापांकडे परत धाडिलें, तर मंडळीनें तें आपलें अपयश मानूं नये. रडूं येईल, येऊं द्यावें. मग हन्नेप्रमाणें वर्षाकांठीं त्याच्या मापाचें एक कापड शिवावें, आणि पाड्याची वाट धरावी.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. मोशेच्या आईस वेतन देणाऱ्या राजकन्येपासून प्रतिपालक घरानें काय शिकावें?
२. आपल्या गांवाजवळच्या पाड्यावर आजीआजोबांकडे राहणारीं किती मुलें आहेत? त्यांपैकीं कोणाचा बालसंगोपनाचा अर्ज राहिला आहे? तो कोण भरून देईल?
३. आपल्या मंडळींतील कोणत्याहि घरीं समितीच्या आज्ञेवांचून ठेवलेलें मूल असल्यास आपण काय केलें पाहिजे?
४. सहाव्या भागांतील चार प्रश्नांचीं उत्तरें आपल्या घरांतील मूल स्वतः काय देईल?

प्रार्थनेचे विषय: वीटभट्ट्यांवर वाढणारीं लेंकरें, बालकल्याण समितीचे सभासद, नातवंडें सांभाळणाऱ्या आजी, आणि ज्यांच्या घरीं परक्याचें लेंकरूं निजलें आहे तीं सर्व कुटुंबें.